‘फाटक’ची चोरवाट

१

“माझ्या बायकोचं रडणं कितीला विकलंत?”

घड्याळजी काका दारातच उभे राहून बोलले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. हातात एक पाकीट होतं, वेडंवाकडं फाडलेलं. चाळीस वर्षं घड्याळांत केसाएवढे स्क्रू बसवणारा हात तो. असं फाडायची त्याला सवय नव्हती.

संग्रहाच्या खोलीत तेव्हा आम्ही तिघं होतो. मी नोंदवही लिहीत होते. खजिनदार वर्गणीच्या पावत्यांवर शिक्के मारत होते. ताई खिडकीपाशी चष्मा पुसत बसल्या होत्या.

“काका, आधी बसा,” मी म्हटलं.

“बसायला आलो नाही.” त्यांनी पाकीट टेबलावर टाकलं. आतून एक चिठ्ठी आणि पेनड्राइव्ह घरंगळत बाहेर आला.

चिठ्ठी मी मोठ्याने वाचली, आणि वाचता वाचता माझी मलाच लाज वाटायला लागली. “आपण मला ओळखत नाही. ‘फाटक’चा शेवटचा भाग मी नुकताच विकत घेतला. भाग संपल्यावर आपल्या पत्नी जे बोलल्या, ते ऐकून डोळे भरून आले. मोजलेल्या पैशांचं चीज झालं. कॅसेटच्या फोटोत आपला पत्ता दिसला, म्हणून न राहवून लिहितो आहे. एक प्रत आपल्यालाही असावी. एक रसिक.”

आता ‘फाटक’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. ती रेडिओवरची मालिका. रेल्वेच्या फाटकावर नेमलेली एक बाई, आणि गाडी जाईपर्यंत खोळंबलेली माणसं. दर आठवड्याला एकाची गोष्ट. नऊ वर्षं चालली. पुढे रेडिओवाल्यांनी त्या टेपा पुसल्या आणि त्यांवर दुसरं काहीबाही भरलं. पुसल्या! घराघरात ज्यांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भाग उतरवून घेतले होते, त्यांच्याकडे तेवढी मालिका उरली. शाळेच्या ग्रंथपाल असलेल्या ताईंनी बारा वर्षांपूर्वी त्या कॅसेटी मागवायला सुरुवात केली आणि वेबसाइट काढली. कुणीही यावं, फुकट ऐकावं. खर्च सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून. वर्गणीच्या बदल्यात सभासदाला काय? यादीत नाव आणि दर महिन्याला माझं एक पत्र. बस्स. मी सकाळी दातांच्या दवाखान्यात नावं पुकारते आणि दुपारी इथे नोंदवही सांभाळते.

शेवटचा भाग कुणाकडेच नव्हता. फाटकवाली नोकरी सोडून गेली की राहिली, यावर लोकांनी जन्मभर वाद घातले. आणि तीन आठवड्यांपूर्वी घड्याळजी काकांना बायकोच्या शिवणाच्या पेटीत ती कॅसेट सापडली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. भाग संपल्यावर बटण बंद करायच्या आधी ती रडली होती आणि काकांना काहीतरी म्हणाली होती, हे काकांना आठवत होतं. नंतर मोजले, तर अकरा सेकंद. कॅसेट देताना काकांची एकच अट होती. “भाग जगाला ऐकवा. त्यानंतरचं तिचं बोलणं कापा. ते माझं आहे.”

आम्ही शब्द दिला होता.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. खजिनदारांनी पेनड्राइव्ह उचलला, उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “कापायच्या आधीची प्रत आपल्यात एकाच माणसाकडे होती.”

२

तो माणूस म्हणजे टेपमास्तर.

मास्तर एके काळी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत होते. आता कोपऱ्यावर मिक्सर-पंखे दुरुस्त करतात. आमच्याकडे आलेली प्रत्येक कॅसेट त्यांच्या हातून जाते. धूळ काढायची, तुटलेली फीत जोडायची, चांगल्या डेकवर लावून कॉम्प्युटरवर उतरवायची, खरखर कमी करायची. अकरा वर्षं. एक छदामही न घेता.

त्यांना बोलावलं. ते हात पुसत आले. नखांत काळं ग्रीस होतं. काकांना पाहून नमस्कार केला. काकांनी तोंड फिरवलं.

खजिनदारांनी चिठ्ठी पुढे सरकवली. मास्तरांनी ती दोनदा वाचली.

“न कापलेली प्रत तुमच्या मशिनवर आहे की नाही?” खजिनदार म्हणाले.

“आहे. मूळ उतरवलेली प्रत मी कधी पुसत नाही. नियम आहे तो.”

“मग ही बाहेर कशी गेली?”

“माझ्याकडून नाही गेली.”

“एवढंच उत्तर?”

“प्रश्नही एवढाच आहे.”

मास्तरांचं हे असंच. गोड बोलता येत नाही, शपथा घेता येत नाहीत. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर तिथेच सगळं थांबलं असतं. त्या खालमानेने म्हणाल्या, “मला काही सुचतच नाही.”

“चौकशी होईपर्यंत संग्रहाच्या कपाटाची किल्ली इथे ठेवा,” खजिनदार म्हणाले.

मास्तरांनी जुडग्यातून किल्ली काढली. जुडग्याची कडी घट्ट होती, वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही सगळे त्यांच्या बोटांकडे बघत होतो. किल्ली टेबलावर ठेवून ते निघाले आणि काकांसमोर थांबले.

“तुमच्या बाईंचा आवाज मी एकदा ऐकला, कुठे कापायचं ते कळायला हवं म्हणून,” ते म्हणाले. “पुन्हा ऐकला नाही.”

आणि ते बाहेर पडले.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी वेबसाइटच्या चर्चेच्या पानावर पोचली होती. कुणी पोचवली देव जाणे. “टेपचोर,” “फुकट काम करतो तेव्हाच समजायला हवं होतं,” “अशा चोरांना पोसायला आमची वर्गणी?” ज्यांनी मास्तरांचा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण त्यांच्या कानांनी स्वच्छ केलेले तीनशे भाग फुकट ऐकले होते, ती ही माणसं! दोन दिवसांत एकतीस सभासदांनी वर्गणी बंद केली.

तिसऱ्या दिवशी ऑपरेटरबाई आल्या आणि पर्स टेबलावर आपटून म्हणाल्या, “मास्तर चोर? कुठल्या गाढवाने ठरवलं?”

३

ऑपरेटरबाईंनी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या. त्या काळात माणसाने ‘हॅलो’ म्हटलं की कोण, कुठून आणि कुठल्या मनःस्थितीत, हे त्या सांगत. आमच्याकडे त्या दर आठवड्याला येऊन भाग ऐकतात आणि कुठल्या भागात कुणाचा आवाज आहे याची यादी करतात.

त्यांनी पेनड्राइव्ह मागितला. मग थांबल्या आणि आधी काकांना फोन लावला. “मी एक म्हातारी सभासद बोलतेय. भाग ऐकू का? भाग संपल्याची शेवटची घंटा झाली की बंद करते. पुढचं तुमच्या घरचं आहे.” पलीकडचं उत्तर ऐकून घेतलं. मग बाई म्हणाल्या, “आभारी आहे.”

त्या दिवसापर्यंत ही परवानगी मागायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

हेडफोन लावून त्या बसल्या. सुरुवातीला माउथ ऑर्गनवरची ती ओळखीची धून. दहा सेकंदांत त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मग म्हणाल्या, “मास्तरांनी उतरवलेली, कापलेली प्रत काढ.”

मी काढून दिली. दोन्ही त्यांनी आलटून पालटून ऐकल्या.

“सूर बसलाय,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“अगं, पेनड्राइव्हवरची धून खालच्या सुरात आहे. फाटकवालीचा आवाज बघ, सर्दी झाल्यासारखा. मशिन हळू फिरलं की असं होतं. हळू फिरलं तर भाग लांबेलही. वेळ लाव.”

मी धुनीच्या पहिल्या सुरापासून शेवटच्या घंटेपर्यंत वेळ लावली. मास्तरांची प्रत सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद. पेनड्राइव्हवरची सत्तावीस मिनिटं पन्नास.

“सत्तर सेकंदांचा फरक!” मी म्हणाले.

“म्हणजे ही मास्तरांच्या प्रतीची नक्कल नाही. कुणीतरी मूळ कॅसेटच दुसऱ्या, हळू फिरणाऱ्या मशिनवर लावली आणि उतरवून घेतली.”

खजिनदार इतका वेळ पावत्यांत डोकं घालून ऐकत होते. ते म्हणाले, “दुसरं मशिन मास्तरांच्या दुकानात असेल. किंवा आपल्याला चकवायला त्यांनी मुद्दाम वेग कमी केला असेल. त्यांना काय, डाव्या हातचा मळ.”

बाईंनी हेडफोन काढले. “साहेब, तुम्ही बँकेत होतात ना? मग हिशेबाने बोला. मास्तरांना भाग विकायचाच होता, तर त्यांच्याकडे दोन प्रती होत्या. एक कापलेली, एक न कापलेली. कापलेली विकली असती तर काकांना या जन्मात कळलं नसतं. चकवण्याइतका हुशार चोर ज्याने पकडला जाईल नेमकी तीच प्रत विकेल?”

खजिनदारांचा शिक्का हवेतच राहिला.

“न कापलेली प्रत कोण विकेल?” बाई म्हणाल्या. “ज्याच्याकडे कापलेली नाही तो. आणि ज्याला कापता येत नाही तो.”

४

तरी बाई मास्तरांच्या दुकानात गेल्याच. “खात्री केल्याशिवाय लाइन जोडायची नाही,” असं त्यांचं म्हणणं. मी आणि खजिनदारही गेलो. खजिनदार एका पावलाचं अंतर ठेवून.

दुकान एवढंसं. भिंतभर पंख्यांची पाती टांगलेली आणि मागच्या फळीवर पाच डेक ओळीने, प्रत्येकावर स्वच्छ फडकं. मास्तर मिक्सरचं भांडं उलटं धरून काहीतरी ठोकत होते. त्यांनी ठोकणं थांबवलं नाही.

“तुमची मशिनं ऐकायची आहेत,” बाई म्हणाल्या.

“ऐका.”

बाईंनी एकच जुनी कॅसेट पाचही डेकवर लावली. मी घड्याळ लावलं. धून पाचही वेळा बरोबर पंचेचाळीस सेकंदांत संपली.

“रोज सकाळी तपासतो,” मास्तर म्हणाले. “न्हाव्याच्या दुकानात बोथट कात्री सापडेल का?”

“मास्तर, काकांची कॅसेट तुमच्याकडे आली तेव्हा काही वेगळं वाटलं होतं?”

आता ठोकणं थांबलं. “वाटलं होतं. काका म्हणाले होते की बायको गेल्यापासून ती पेटीतच पडून होती, सापडल्यावरही लावायचा धीर झाला नाही. इतकी वर्षं पडून राहिलेल्या कॅसेटची फीत कडेला चिकटते, पहिल्यांदा फिरवताना कुरकुरते. ही लोण्यासारखी फिरली. कुणीतरी आधी लावली होती.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“मला कुणी विचारलं का काही?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “मला फक्त सांगण्यात आलं. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या घरातली खोकणी, भांडणं, पाळण्यातल्या पोरांचं रडणं कापत आलोय. लोकांच्या किती खासगी गोष्टी या कानांनी ऐकल्या असतील! एक शब्द बाहेर गेला? आणि तुम्ही किल्ली मागितलीत.”

खजिनदार एका पंख्याच्या पात्याकडे बघत राहिले.

आम्ही परतलो. खोलीत आल्यावर मी पेनड्राइव्ह पुन्हा लावला. त्यात आवाजाबरोबर तो फोटोही होता, कॅसेट अस्सल आहे हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून काढलेला. पिवळट कागदी लेबल, त्यावर काकूंच्या अक्षरात “फाटक, शेवटचा” आणि खाली काकांचं नाव-पत्ता. हा फोटो मी त्याआधी चारदा पाहिला होता. पाचव्यांदा पाहिला आणि नोंदवही जवळ ओढली.

त्या लेबलावर माझा आकडा नव्हता.

५

आमच्याकडे कॅसेट आली की मी पहिलं काम काय करते? नोंदवहीत क्रमांक घालते आणि तोच आकडा छापलेली लाल चिकटपट्टी लेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर लावते. ती निघत नाही. काढायला गेलं तर लेबलाचा कागद सोबत येतो. शेवटच्या भागाची नोंद वहीत आहे. सोमवार, दुपारी अडीच. कॅसेट माझ्या हातात आली आणि पाच मिनिटांत चिकटपट्टी लागली. त्यानंतर ती मास्तरांकडे गेली.

फोटो त्याआधीचा होता.

“सोमवारच्या आधी कॅसेट कुठे होती?” बाईंनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. ते मी सांगितलं. काकांनी ती शनिवारी स्वतः नेऊन दिली होती. ताईंच्या घरी. सोमवारी ताईंनी पदराखाली धरून आणावी तशी ती जपून आणली होती आणि माझ्या हातात ठेवताना त्यांचे डोळे ओले होते.

“शक्य नाही,” खजिनदार म्हणाले. “वर्षाच्या सुरुवातीला मीच म्हणालो होतो की भाग कुलुपात ठेवू, जो वर्गणी भरेल तोच ऐकेल. ताई माझ्यावर केवढ्या कडाडल्या होत्या! ‘लोकांनी फुकट दिलं, आपण कुलूप लावणारे कोण?’ सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन जेवलोही नाही.”

“त्यांच्या घरी आणखी कोण असतं?”

“एकट्याच असतात. भाचा जातो कधी कधी. तोच वेबसाइट बघतो.”

भाच्याला बोलावलं. तिशीचा सरळ पोरगा, मनात एक आणि ओठांवर दुसरं असं त्याला जमत नाही. तो त्या शनिवार-रविवारी गावातच नव्हता. मित्राच्या लग्नाला गेला होता. त्याने लग्नातले फोटो दाखवले.

“वेबसाइटचं कसं चाललंय?” बाईंनी सहज विचारलं.

“आता ठीक आहे. सभासद कमी झाले होते, पाच-सहा आठवड्यांत बंद पडली असती. पण पंधरा दिवसांपूर्वी मावशी म्हणाली, एका हितचिंतकाने वर्षाचा खर्च दिलाय. नाव सांगायचं नाही असं ठरलंय म्हणे.”

खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं. असा हितचिंतक त्यांच्या वहीत नव्हता.

“मावशींच्या घरी टेप वाजवायचं मशिन आहे?”

“आहे की. जुनं, लाल बटणांचं. वर्गणीसाठी आवाहनाचा व्हिडिओ केला होता ना आपण, त्यात ती तेच लावते. मी तिला वायर जोडून दिली होती, सरळ लॅपटॉपवर आवाज उतरतो. तेवढं तिला जमतं. कापणं-बिपणं नाही जमत.”

तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पन्नास वेळा पाहिला होता. ताई हसून म्हणतात, “आमचं फाटक उघडं राहावं म्हणून वर्गणी भरा,” बटण दाबतात आणि धून सुरू होते. बाईंनी डोळे मिटले. मी घड्याळ लावलं.

पंचेचाळीस नाही. सत्तेचाळीस सेकंद. सूर तसाच, खाली बसलेला.

भाचा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. “काय झालं? कुणी मला सांगेल का?”

बाईंनी पर्स उचलली.

६

ताईंनी दार उघडलं आणि आमचे चेहरे बघून बाजूला झाल्या. बाई आणि मी दोघीच गेलो होतो. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं आणि टेबलावर ते लाल बटणांचं मशिन होतं. झाकलेलंही नव्हतं.

बाईंनी एकेक गोष्ट सांगितली. सूर, सत्तर सेकंद, लोण्यासारखी फिरलेली फीत, लेबलावर नसलेला आकडा, नाव नसलेला हितचिंतक. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “आठ जणांना दिली. फक्त आठ.”

“दिली नाहीत, विकलीत,” मी म्हटलं.

“बाकी हजारोंना फुकट ऐकायला मिळावं म्हणून विकली! वेबसाइट बंद पडली असती तर? बारा वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं. ते आठ जण कधीपासून मागे लागले होते. शेवटचा भाग मिळाला तर सगळ्यांच्या आधी आम्हाला द्या, म्हणाल तेवढे पैसे देतो, असं म्हणत. मला वाटलं, महिनाभराने सगळ्यांना मिळणारच आहे, मग कुणाचं काय जातंय?”

“काकांचं गेलं.”

ताईंनी कपाळाला हात लावला. “मशिन लावलं आणि मी आत गेले. पुढे अकरा सेकंद आहेत हे ध्यानातच राहिलं नाही. पाठवायच्या घाईत पुन्हा ऐकलं नाही. तेवढंच ग चुकलं माझं.”

तेवढंच! आत्तापर्यंत मला कुठेतरी त्यांची कीव येत होती. ती तिथे संपली.

“ताई, पैशाची अडचण मी समजू शकते. तुम्ही सभासदांना सरळ सांगितलं असतं की पाच आठवड्यांत बंद पडतंय, तर कुणी दोन घास कमी खाऊन पैसे दिले असते. तेही सोडा. पण मास्तर किल्ली काढत होते तेव्हा तुम्ही त्याच खोलीत होतात. चार हातांवर.”

“मी त्यांना चोर म्हटलं नाही.”

“ते चोर नाहीत असंही म्हटलं नाहीत!”

“कसं म्हणणार होते? मग कोण, असं विचारलं असतं ना!” आणि त्या रडायला लागल्या.

ऑपरेटरबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं. मी नाही दिलं. मी उभीच होते. ज्या बाईच्या एका शब्दावर मी आठ वर्षं दुपारची झोप सोडली, सिनेमे सोडले, ती बाई समोर रडत होती आणि मला फक्त मास्तरांच्या नखांतलं ग्रीस दिसत होतं.

“बाहेर सांगू नका,” ताई म्हणाल्या. “माझ्यासाठी नाही, संग्रहासाठी म्हणते. हे कळलं तर एक सभासद उरणार नाही.”

“उद्या दुपारपर्यंत तुम्ही स्वतः सभासदांना लिहा,” बाई शांतपणे म्हणाल्या. “चोरीची कबुली ज्याची त्याने द्यावी. दुसऱ्याने दिली की ती चहाडी होते.”

दुसऱ्या दिवशी ताईंचं पत्र आलं. “तांत्रिक त्रुटीमुळे शेवटच्या भागाची एक प्रत अनवधानाने बाहेर गेली. या प्रकरणात कुणाचाही दोष नाही.”

कुणाचाही दोष नाही! मास्तरांचं नावसुद्धा नव्हतं त्यात. मी ते पत्र खजिनदारांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, “खरं तेच लिहा. माझंही नाव घाला. किल्ली मी मागितली होती.”

मी लिहिलं. सूर, सेकंद, लेबल, आठ जण, सगळं. पत्राच्या पहिल्याच ओळीत मास्तरांची माफी होती.

७

एकशे चौदा सभासद गेले. आठ जणांचे पैसे परत करायचं ठरलं आणि खजिनदारांनी पदरचे घालून ते केले. सहा जणांनी आपल्या प्रती पुसल्याचं कळवलं. त्यांत तो चिठ्ठी लिहिणाराही होता. काकांना दुखावल्याचं त्याला इतकं लागलं होतं की तो स्वतः त्यांच्या घरी जाऊन आला. उरलेल्या दोघांनी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही. ताईंनी राजीनामा दिला. रस्त्यात भेटतात. मी मान हलवते, थांबत नाही. माझं मन मोठं नाही, असं कुणी म्हटलं तर म्हणो.

मास्तर मात्र परत आले नाहीत. म्हणून एका दुपारी काका, ऑपरेटरबाई आणि मी त्यांच्या दुकानात गेलो. काका दुकानाच्या पायरीशीच थांबले.

“मी तोंड फिरवलं होतं,” ते म्हणाले.

“तुमच्या जागी मीही फिरवलं असतं,” मास्तर म्हणाले.

मास्तरांनी दुकानातल्या ड्रॉवरमधून कॅसेट काढून त्यांच्या हातात ठेवली आणि न कापलेली प्रत मशिनवरून पुसायला घेतली. काकांनी त्यांचा हात धरला.

“पुसायच्या आधी एकदा ऐकवा. मी ते टेपवर अजून ऐकलेलं नाही. तो पेनड्राइव्ह आला तेव्हा शेजारच्या मुलाने लावला, तिचा आवाज सुरू झाला आणि मी बंद करायला लावलं. तो आवाज तिचा वाटलाच नाही.”

“हळू मशिनवरचा होता तो,” मास्तर म्हणाले. “त्या अशा नव्हत्या बोलत.”

त्यांनी स्टुलावरचा पसारा उचलला, काकांना बसवलं, हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि आम्हाला घेऊन बाहेर आले. शटर अर्धं खाली ओढलं. आम्ही तिघं पायरीवर बसलो.

अकरा सेकंदांचं काम. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

“परत या ना मास्तर,” मी म्हणाले.

“येईन. पण पगार घेईन.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मास्तर आणि पगार!

“थोडा द्या, पण द्या,” ते म्हणाले. “आणि वर्गणीच्या पानावर लिहा की यातून अमुक माणसाला अमुक कामाचे एवढे मिळतात. अकरा वर्षं मी फुकट केलं, तर लोकांना वाटलं, हा काहीतरी मिळवतच असणार. फुकट राबणाऱ्या माणसावर संशय घेणं फार सोपं असतं हो.”

“बरोबर आहे त्यांचं,” बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासाने शटर खडखडलं. काका वाकून बाहेर आले. डोळे लाल होते, पण चेहरा निवळलेला होता. काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. “पुसा आता,” ते मास्तरांना म्हणाले. “भाग चढवा. लोक वाट बघत असतील.”

भाग चढला, सगळ्यांसाठी, बिनकुलपाचा. फाटकवाली गेली की राहिली, ते तुम्ही तिथेच जाऊन ऐका. वर्गणीचं पान मी नव्याने लिहिलं. ऐकायला पैसे नाहीत, पण ऐकण्याजोगं करायला लागतात, आणि ते कुणाला जातात त्याची यादी खाली आहे. पहिलं नाव मास्तरांचं. गेलेल्यांपैकी बरेच परत आले, काही नवे आले. हात थोडे सैल झाले. भरभराट वगैरे काही नाही.

गेल्या आठवड्यात एका सभासदाची दुप्पट वर्गणी आली. सोबत लिहिलं होतं, “झालं गेलं विसरून जाऊ.” मी नाव पाहिलं. चर्चेच्या पानावर “टेपचोर” हा शब्द सगळ्यात आधी यानेच लिहिला होता.

मी पैसे परत पाठवायचा कागद तयार केला आणि खजिनदारांपुढे सरकवला. दुप्पट वर्गणी म्हणजे आमचा अर्धा महिना निघतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी नाव वाचलं आणि सही केली. पाकिटात मी एक ओळ लिहून मास्तरांच्या दुकानाचा पत्ता जोडला.

“आधी इथे जाऊन या. मग बघू.”